बोट फिरेपर्यंत

पेशंट कसा उचलायचा हे शिकवायला बाहेरून कुणीतरी येणार आहे, असं इन्चार्ज सिस्टरनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. सव्वीस वर्षं मी नाशिकच्या हॉस्पिटलांमधून पेशंट उचलतेय. हाडांचा वॉर्ड, मेडिसिनचा वॉर्ड, मधली चार वर्षं आयसीयू. "आता आम्हाला चालायलाही शिकवा म्हणावं," मी म्हणाले. इन्चार्ज सिस्टरनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि यादीत माझं नाव पहिलं घातलं.

आमची उचलायची पद्धत ठरलेली होती. एका काखेत आमचे वॉर्डबॉय मामा हात घालायचे, दुसऱ्या काखेत मी, आणि पायाकडे नातेवाईक. नातेवाइकांची कधी वाण पडत नाही. चांदवडहून एक म्हातारी ॲडमिट झाली की तिच्यामागून अर्धी गल्ली येते, आणि त्यातल्या धट्ट्याकट्ट्या भाच्याला "धरा हो पाय" म्हटलं की तो बाह्या सरसावून तयारच. मग मामा मोजायचे, एक, दोन, तीन. कुणी दोनलाच उचलायचं, कुणी तीन म्हणून झाल्यावर, आणि पेशंट मधल्यामध्ये लोंबकळायचा. पण जायचा एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर. मामा पूर्वी कांदा मार्केटला हमाल होते. पोत्यांवर काढलेला जन्म, त्यामुळे त्यांच्या ताकदीवर आमचा सगळ्यांचा भरवसा. त्यांच्या कमरेला पट्टा होता आणि माझ्याही. त्याचं काही वाटायचं नाही. या धंद्यात कंबर जातेच, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या दिवसांत माझा पारा जरा जास्तच चढलेला असायचा, हेही खरं. त्याचं कारण घरी होतं.

श्रावणात माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. आमच्याकडे वडिलांना दादा म्हणतात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून "आं, आं" यापलीकडे काही येत नव्हतं. दादा ओझरच्या विमान कारखान्यात क्रेनवर होते. सगळी नोकरी त्या उंच केबिनमध्ये बसून, खालच्या माणसाचे इशारे बघत, त्यांनी केली. आई गेल्यापासून ते मखमलाबाद रोडला आमच्याकडेच असतात. नवरा मनमाडला रेल्वेत, त्याच्या शिफ्टा वेगळ्या, म्हणून घरात बहुतेक वेळ दादा आणि मीच. मी ड्यूटीवर गेल्यावर त्यांच्याजवळ थांबायला आया पुरवणाऱ्या ब्युरोतून एक बाई घेतली.

ती पेठच्या बाजूच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. चाळिशीची, अंगाने काटकुळी. तिला पाहून मला पहिला प्रश्न पडला की ही दादांना उचलणार कशी. दादा म्हणजे चांगला सहा फुटी माणूस. पण ती उचलायची. तिच्या हातून ते खुर्चीत बसायचे, गॅलरीत उन्हाला जायचे. फक्त तिला वेळ फार लागायचा.

एकदा मी दुपारी लवकर घरी आले. दारातून पाहिलं तर बाई कॉटपाशी वाकून उभी. एक हात दादांच्या पाठीमागे, एक त्यांच्या दुमडलेल्या गुडघ्यावर, आणि नुसती उभी. हलत नाही, बोलत नाही. मी चप्पल काढली, पर्स टांगली, पाणी प्याले, तरी ही तशीच.

"काय करतेस गं?"

"वाट बघते, ताई."

"कसली?"

"बाबांची."

मला वाटलं, कामचुकारपणा. मी म्हणाले, "सरक." दादांच्या काखेत हात घातला आणि एका झटक्यात त्यांना उठवून बसवलं. त्यांनी डावा हात वर केला होता, पंजा उघडा, बोटं ताठ. म्हातारी माणसं "नको नको" करतातच. त्यांच्याकडे लक्ष देत बसलं तर दिवस पुरायचा नाही, असं मी नव्या मुलींना शिकवते. बाई बाजूला उभी राहून पाहत होती. हळूच म्हणाली, "ताई, वढू नका. वझं अंगाशी घ्यावं, मंग उठावं." मी तिला म्हणाले, "मी नर्स आहे."

मग रोज संध्याकाळी, आणि सुट्टीला पूर्ण दिवस, मी माझ्या पद्धतीने दादांना उठवत राहिले.

दिवाळी झाली आणि दादांचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी कण्हायचे, मग कुणी हात लावला तरी डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सांधा आपल्या जागेवरून खाली सरकला होता. "लुळ्या बाजूचा हात ओढला गेलाय," ते म्हणाले. "घरी यांना उचलतं कोण?"

माझ्या तोंडून उत्तर निघालं ते इतक्या पटकन की त्याचं मला आजही नवल वाटतं. मी म्हणाले, "बाई ठेवलीय."

हे खोटं नव्हतं. पण डॉक्टरांनी मान हलवली, "या बायकांना काही शिकवलेलं नसतं" म्हणाले, आणि मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी बाईला काढून टाकलं. ब्युरोला फोन करून सांगितलं की हिला पेशंट हाताळता येत नाही, दुसरीकडे पाठवाल तर विचार करा. नर्सचा शब्द, त्यांनी लगेच मानला. बाई भांडली नाही. पिशवीत लुगडं घातलं, दादांच्या कॉटपाशी गेली आणि म्हणाली, "येते बाबा." दादांनी डावा हात वर केला, पंजा उघडा, बोटं ताठ. बराच वेळ तो हात तसाच वर होता. मला वाटलं, निरोप देताहेत.

त्यानंतर दुसरी बाई आली. चपळ, माझ्यासारखी. आणि दादांनी उठायचंच सोडलं. कुणी जवळ आलं की डाव्या हाताने कॉटचा दांडा असा घट्ट धरायचे की तो सोडवायला दोघी लागायच्या. पंधरा दिवस ते खुर्चीत बसले नाहीत. पाठीच्या खाली, माकडहाडापाशी, एक लालसर डाग दिसू लागला. छातीत घरघर सुरू झाली. पडून राहिलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला कुणी सांगायची गरज नव्हती. जखम चिघळते, कफ साठतो, आणि एक दिवस कॉट रिकामी होते. मी त्यांना विनवलं, रागावले, एकदा तर ओरडले. ते दांडा धरून छताकडे बघत राहिले. मी घाबरले होते. घाबरले की मी भांडते, हा माझा जन्माचा स्वभाव. त्यामुळे त्या दिवसांत वॉर्डात माझ्या वाटेला कुणी जात नव्हतं.

अशात ते ट्रेनिंग आलं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, वरच्या हॉलमध्ये कुणी तिळगुळाचा डबाही आणला होता. शिकवायला आलेल्या मॅडम फिजिओथेरपीवाल्या, वयाने माझ्या भाचीएवढ्या. मी मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले.

"मला आधी तुमची रोजची पद्धत बघायचीय," मॅडम म्हणाल्या. "पेशंट कोण होतंय?"

मामांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "ह्या सिस्टर. लय पेशंट झोपवले यांनी, आज त्यांना झोपवू." सगळा हॉल हसला. नाही म्हटलं असतं तर घाबरले असं झालं असतं, म्हणून मी जाऊन कॉटवर आडवी झाले.

मॅडमनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "सिस्टर, तुमची उजवी बाजू लुळी आहे आणि तुम्हाला बोलता येत नाही, असं धरा. हात अजिबात ताठ करायचा नाही."

मी डोळे उघडे ठेवून पडले. वर पंखा, ट्यूबलाइट. इतकी वर्षं मी कॉटच्या या बाजूने छत कधी पाहिलं नव्हतं. मामा आणि एक सिस्टर दोन्हीकडून आले. ते एकमेकांशी बोलत होते. संध्याकाळच्या ड्यूटीला कोण आहे, काहीतरी तसलं. माझ्याशी कुणी बोललं नाही. मग दोन्ही काखांत हात शिरले, आणि मामा म्हणाले, एक.

मी तयार नव्हते. सांगायला तोंड नव्हतं. दोनला एका बाजूने ओढलं गेलं, तीनला दुसऱ्या. डोकं मागे लटकलं, उजवा खांदा कानापर्यंत वर गेला आणि क्षणभर माझ्याखाली काहीच नव्हतं. हे मामा, ज्यांच्याबरोबर मी रोज चहा पिते. ते मला पाडणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझा डावा हात आपोआप वर गेला.

मी तो हात पाहिला. पंजा उघडा, बोटं ताठ.

कुणी थांबलं नाही. मला उचलून बसवलं आणि टाळ्या पडल्या.

"पेशंटने मध्येच हात वर केला होता," मॅडम म्हणाल्या. "कुणी पाहिला?"

"म्या पाहिला," मामा म्हणाले. "मला वाटलं माशी हाकलतात." पुन्हा हशा. मी हसले नाही. माझ्या कानात दुसरंच काही वाजत होतं.

मी पाच-सहा वर्षांची असताना दादा कामावरून आले की आमचा एक खेळ चालायचा. मी अंगणात उभी राहून बोट वर करायचे आणि गोल फिरवायचे, म्हणजे "उचला". कारखान्यात खालचा माणूस क्रेनवाल्याला तसाच इशारा देतो. मग दादा तोंडाने क्रेनसारखा घर्रर्र आवाज करत मला सावकाश उचलून खांद्यावर घ्यायचे. पंजा उघडला की थांबायचं. मी मुद्दाम मध्येच पंजा उघडायचे आणि ते मला तसंच अधांतरी धरून उभे राहायचे, दमले तरी. दादा म्हणायचे, "उचलायचा इशारा एकानेच द्यायचा. पण थांबायचा कुणीही देऊ दे, अगदी झाडूवाल्याने देऊ दे, क्रेन थांबलीच पाहिजे. विचारायचं नाही का म्हणून."

इतके महिने ते मला थांब म्हणत होते. त्या बाईला मी घराबाहेर काढलं तेव्हासुद्धा ते निरोप देत नव्हते.

पुढे मॅडमनी योग्य पद्धत दाखवली. काखेत हात घालायचा नाही, लुळ्या बाजूला तर मुळीच नाही, सांधा निसटतो. आधी पेशंटला सांगायचं. त्याचा गुडघा दुमडायचा, त्याला कुशीवर घ्यायचं, आपण जवळ जायचं, वजन अंगाशी घ्यायचं, मांड्यांच्या जोरावर उठायचं. त्याला जमेल तेवढं त्याला करू द्यायचं. "आणि हा सगळ्यात अवघड भाग," त्या म्हणाल्या, आणि एक हात पाठीमागे, एक गुडघ्यावर ठेवून, कॉटपाशी वाकून नुसत्या उभ्या राहिल्या. "थांबायचं. तो तयार होईपर्यंत."

तीच ती उभं राहायची तऱ्हा. फक्त लुगड्याऐवजी पांढरा कोट.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच शिकवलं होतं, मी परीक्षेत आकृती काढून मार्कही मिळवले होते. मग वॉर्डात आले, माणसं कमी, पेशंट जास्त, आणि थांबायला वेळ कुणाला होता? एकदा सुटलं ते सुटलं. वॉर्डाचं एक वेळ समजू शकते. पण घरी तर मला घाई नव्हती. घरी तो एकच पेशंट होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, मी तर स्वतःच चोर असून फाशी द्यायला पुढे झाले होते. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

संध्याकाळी ब्युरोत गेले. तिथल्या माणसाला सांगितलं, तिची चूक नव्हती, माझी होती. त्याला पटेना. "जाऊ द्या ना सिस्टर, झालं ते झालं." मी कागद मागून घेतला, लिहून दिलं, सही केली. त्याने सांगितलं की माझ्या फोननंतर तिला त्यांनी कुठेच पाठवलं नव्हतं. ती दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेली होती, पाड्यावरची बाकी माणसं जातात तशी.

रविवारी स्कूटर काढली. दोन बागा चुकले, तिसऱ्या बागेत ती दिसली. भरलेले क्रेट वेलींखालून ट्रॅक्टरपर्यंत नेत होती. मी लांबूनच पाहिलं. ती क्रेटजवळ बसायची, तो छातीशी ओढून घ्यायची आणि मग उठायची. कुणी शिकवलं असेल तिला? तिच्या आईने मोळी उचलताना शिकवलं असेल, आणखी कोण.

मला बघून ती थांबली. माझ्या मनात बरंच काही जुळवलेलं होतं, ते सगळं विसरले. म्हणाले, "बाबांचा खांदा तुझ्यामुळे नाही दुखावला. माझ्यामुळे दुखावला."

"मला माहीत व्हतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले व्हते ना. तुम्ही म्हनलात, मी नर्स आहे."

तिने क्रेट खाली ठेवला, हात पदराला पुसले. "बाबा कसं हायत?"

मी सगळं सांगितलं. दांडा धरतात, उठत नाहीत, पाठीला डाग पडलाय. तिच्या कपाळाला आठी पडली.

"बोट फिरवत नाय का आता?"

"कसलं बोट?"

"असं," तिने डाव्या हाताचं पहिलं बोट वर करून हवेत लहानसा गोल काढला. "मी हात लावून थांबायची. त्यांचा दम जमला की ते असं करायचे, मंगच उठवायची. पहिले दोन दिस मला कळलं नाय, मंग कळलं. तुम्हाला नाय दाखवलं त्यांनी कधी?"

मी तिथेच उलट्या क्रेटवर बसले. तिने कुणालातरी हाक मारून पाणी आणवलं.

परत येशील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बागा उरकेपर्यंत मुकादमाला शब्द दिलाय, नंतरचं नंतर बघू. तिच्या आवाजात राग नव्हता, पण घाईने माफ करून टाकण्याची लगबगही नव्हती, आणि ते मला बरोबर वाटलं. निघताना म्हणाली, "आजच करा. तुम्हाला जमंल. काय लागत नाय त्याला, थांबावं लागतं."

घरी आले तेव्हा उन्हं गॅलरीत होती. चपळ बाईला मी घरी पाठवलं. दादांच्या कॉटपाशी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "दादा, तुमचा खांदा मी दुखवला. त्या बाईने नाही. तुम्ही थांब म्हणत होतात, मी थांबले नाही." त्यांनी छतावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. दांडा सोडला नाही.

मी त्यांचा गुडघा दुमडला. कशाला दुमडते ते सांगितलं. लुळा हात त्यांच्या पोटावर नीट ठेवला. जवळ गेले, इतकी की त्यांच्या अंगाला लावलेल्या पावडरीचा वास आला. एक हात पाठीमागे, एक गुडघ्यावर. आणि थांबले.

किती वेळ ते सांगता येणार नाही. बाहेर भाजीवाला आला आणि गेला. माझी कंबर बोलायला लागली. दोनदा मनात आलं की आता उचलावं, आणि दोनदा मी स्वतःला आवरलं. त्यांचा श्वास मोठा झाला, लहान झाला. मग दांड्यावरची बोटं एकेक करून सुटली. हात वर आला. मला वाटलं, पंजा उघडणार.

बोट वर झालं आणि सावकाश गोल फिरलं.

मी त्यांना उचललं. घर्रर्र असा आवाज माझ्या तोंडून कधी निघाला, मला कळलंही नाही.